गोल्फ सिम्युलेटरसाठी प्रोजेक्टर कोणता?

प्रश्न : रत्नागिरीत घरीच गोल्फ सिम्युलेटर (पडद्यावरच्या आभासी मैदानात खरा चेंडू मारून खेळायची यंत्रणा) बसवतोय. पडदा १० फूट रुंद, चेंडू त्यापासून १० फुटांवर. प्रोजेक्टर कोणता घ्यावा?

उत्तर : आधी थ्रो रेशो पाहा, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. छताला, पडद्यापासून ७ ते ८ फुटांवर टांगणार असाल, तर ०.७ ते ०.८ हवा. खेळणाऱ्याच्या मागे टांगलात तर त्याचीच सावली चित्रावर पडते. ०.४ च्या खालचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो, म्हणजे पडद्याला अगदी लागून ठेवायचे प्रोजेक्टर मात्र नकोतच. पडदा जरा हलला की तिरप्या प्रकाशामुळे चित्र वेडंवाकडं होतं. लेझर दिव्याचा घ्या, प्रकाश किमान ३५०० ल्युमेन्स. कीस्टोनवर, म्हणजे तिरकं चित्र डिजिटल पद्धतीने चौकोनी करण्यावर विसंबू नका, त्यात पिक्सेल वाया जातात. लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्सच सरकवून चित्र जागेवर आणण्याची सोय उत्तम. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत सीलबंद ऑप्टिकल इंजिनाला (चित्र तयार करणाऱ्या आतल्या भागाला) पर्याय नाही. पावसाळ्यात खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.