होडी ढकलायच्या बांबूचं चिनी अक्षर ‘गाओ’: यात ‘उंच’ हा शब्द कशासाठी?

तुम्ही विचारलंय, ‘गाओ’ (篙) म्हणजे होडी ढकलायचा लांब बांबू, मग अक्षराच्या खालच्या भागात ‘उंच’ का लिहिलंय? तो भाग तिथे उच्चारासाठी आहे. ‘उंच’ या शब्दाचा चिनी उच्चारही ‘गाओ’च. अर्थ सांगतो तो वरचा भाग. शेजारी शेजारी दोन छोट्या, सारख्या खुणा दिसतात ना, ते बांबूचं संक्षिप्त चित्र. म्हणजे वाचणाऱ्याला सांगितलंय: वस्तू बांबूची, उच्चार ‘गाओ’. ६ रेघा वर, १० खाली.

इ.स. १०० च्या सुमाराच्या ‘श्वोवन’ या जुन्या कोशात हे अक्षर मुळात नव्हतं. ९८६ साली श्यू श्वान यांनी सुधारलेल्या आवृत्तीत ते भर घातलेल्या अक्षरांमध्ये आलं. अर्थ दिलाय ‘नाव पुढे नेण्याचं साधन’, आणि फोडही हीच: बांबूवरून अर्थ, ‘गाओ’वरून ध्वनी.

उथळ पाण्यात तळाला टेकवून रेटा द्यायचा तो हा बांबू. वल्ह्याचं अक्षर वेगळं, ‘जिआंग’. त्याच्या तळाशी ‘लाकूड’ आहे. कोणती वस्तू कशाची बनते, हे अक्षरातच जपलंय, आणि मला चिनी लिपीतलं हेच फार आवडतं. लक्षात ठेवायला ‘उंच बांबू’ म्हणा, खुशाल. फक्त तीच व्युत्पत्ती समजू नका.