ती गप्प झाली तेव्हा तू का बोललास?

तुझी मेल आली तेव्हा मी पेपर तपासत होते, ते बाजूला ठेवले आणि आधी तू जोडलेलं ट्रान्सक्रिप्ट वाचून काढलं, मेल नंतर वाचली. मुलं केमिस्ट्रीची गणितं कशी सोडवतात यावर घेतलेल्या सात मुलांच्या मुलाखतींवर पीएचडी होते का, गाइड म्हणतात तसा मोठा सर्व्हे घ्यावा का, आणि लॅबमधले मित्र "याला केमिस्ट्री म्हणतात का" असं विचारतात त्यांना काय सांगायचं, हे तुझे तीन प्रश्न. मित्रांचं सोडून दे. बाकीच्या दोन प्रश्नांवर येते, पण आधी मला तिसऱ्या पानाबद्दल बोलायचंय.

तिथे गणित सोडवताना ती मुलगी म्हणते, "मग हे याच्याशी... नाही, थांबा." पुढे तू लिहिलंयस, शांतता, 9 सेकंद. आणि मग तू म्हणतोस, "मोल काढून बघ ना," म्हणजे वजनाऐवजी रेणूंच्या संख्येचं माप.

अरे, का? त्या 9 सेकंदांत तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं किंवा तुटत होतं आणि ते बघण्यासाठीच तर तू तिथे बसला होतास. तू तिला वाट दाखवलीस, ती गुणी मुलीसारखी त्या वाटेनं गेली, उत्तर बरोबर आलं, आणि आता तुझ्या हातात तुझीच रीत आहे तिच्या अक्षरात. शिकवताना हे चालतं. रिसर्च करताना पोरगं गणित सोडवत असेल तर शेजारी बसायचं आणि गप्प बसायचं.

मी हे एवढं तावातावानं का लिहितेय ते सांगते. माझी पहिली दोन वर्षं मी उत्तरपत्रिका मोजण्यात घालवली. कपाटभर गठ्ठे होते, प्रत्येक चुकीला कोड, कोडांची टेबलं, टेबलांचे ग्राफ, आणि मला खरंच वाटत होतं की मुलं स्टॉइकिओमेट्री, म्हणजे कशातून किती तयार होईल याची गणितं, कशी सोडवतात हे मला कळलंय. मग एक मुलगा डाउट विचारायला आला. गणित साधं होतं, 4 ग्रॅम हायड्रोजन, 64 ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती होईल. त्यानं लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, हायड्रोजन धरला, 36 ग्रॅम पाणी काढलं, अगदी बरोबर. माझ्या टेबलात तो "समजलंय"च्या रकान्यात गेला असता. त्याचा डाउट पुढच्या गणितात होता, 10 ग्रॅम हायड्रोजन आणि तेवढाच 64 ग्रॅम ऑक्सिजन. त्याचं उत्तर आलं होतं 90 ग्रॅम. मी त्याला म्हटलं, माझ्यासमोर परत कर, मोठ्यानं बोलत कर. तो म्हणाला, "10 हे 64 पेक्षा कमी, म्हणजे हायड्रोजन आधी संपणार." पहिल्या गणितातही त्यानं हेच केलं होतं, 4 हे 64 पेक्षा कमी. तिथे नशिबानं जमून गेलं. दोन्ही मिळून 74 ग्रॅम माल आहे आणि त्यातून 90 ग्रॅम पाणी निघतंय हे त्याला खटकलंच नव्हतं, कारण त्याच्या लेखी त्या आकड्यांमागे वस्तूच नव्हती, नुसते आकडे होते. खरं उत्तर 72, ऑक्सिजन आधी संपतो, कारण 64 ग्रॅम ऑक्सिजनला 8 ग्रॅमच हायड्रोजन पुरतो.

त्या रात्री मी ते कपाट उघडून बसले. किती 36 त्या मुलासारखे आले असतील? शोधायला मार्गच नव्हता, कारण सोडवताना मी कुणाच्याही शेजारी नव्हते. दोन वर्षं गेली रे, ती परत नाही आली.

आणि हे मला आधी कळायला हवं होतं. 1987 साली नुरेनबर्न आणि पिकरिंग या संशोधकांनी नेमकं हेच दाखवून ठेवलंय. वायूंच्या नियमावरची गणितं धडाधड सोडवणारी मुलं, पण स्टीलच्या टाकीत हायड्रोजन भरलाय, 20 अंशांवरून तापमान उणे 20 वर नेलं तर आतले रेणू कसे पसरलेले दिसतील असं चित्र निवडायला सांगितलं की त्यातली बरीचशी अडकतात. हायड्रोजन द्रव व्हायला उणे 253 च्या आसपास जावं लागतं, म्हणजे टाकीत तो वायूच राहतो, रेणू सगळीकडे सारखेच पसरलेले. मी हा पेपर वाचला होता, सेमिनारमध्ये त्यावर बोललेही होते, आणि तरी उत्तरंच मोजत बसले.

आता सर्व्हे. "मला गणितं सोडवताना आत्मविश्वास वाटतो, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत." तो 90 ग्रॅमवाला मुलगा तिथे पूर्ण सहमतवर टिक करेल, त्याला खरंच वाटतो आत्मविश्वास. गाइडना सर्व्हे हवाच असेल तर घे, पण मुलाखतींनंतर घे, म्हणजे त्यात काय विचारायचं ते तरी तुला माहीत असेल. सात मुलांवरून किती टक्के मुलं असं करतात ते सांगता येत नाही, तसा दावा करूच नकोस. मुलं काय काय करतात आणि ते करणं त्यांना का पटतं, एवढं सांगता येतं, आणि ते कमी नाही. 2005 मध्ये भट्टाचार्य आणि बोडनर यांनी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या मोजक्या ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांना मेकॅनिझम, म्हणजे रिअॅक्शन टप्प्याटप्प्यानं कशी घडते ते बाणांनी दाखवून, लिहायला लावून ऐकलं. बाण व्यवस्थित काढलेले, पण त्या बाणांना मुलांच्या लेखी काही अर्थ नव्हता, प्रॉडक्टपर्यंत पोचवतात म्हणून काढायचे. हे कुठल्या प्रश्नावलीतून कळलं असतं सांग.

माझे पेपर कमी आहेत, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. रिव्ह्यूअरनी दरवेळी सॅम्पल लहान म्हणून परत पाठवलं आणि मी दरवेळी तेच उत्तर दिलं, बरोबरचे लोक पुढे गेले, मी एकेका रेकॉर्डिंगवर महिना महिना बसले. माझा हट्ट होता आणि आहे. तुला तो परवडेल का याचा विचार तू स्वतः कर, फेलोशिपची मुदत माझी नाही संपणार, तुझी संपणारे. पण उत्तरं मोजून मी जे लिहिलं त्यातलं एक वाक्यही आज मला परत वाचवत नाही.

पुढच्या वेळी एवढं कर. मुलांना पेन दे, पेन्सिल नको, खोडलेलं दिसलं पाहिजे. कॅमेरा कागदावर ठेव, चेहऱ्यावर नको. ज्या मुलाला रीत तोंडपाठ आहे त्याला तेच गणित देऊ नकोस, तो फक्त सराव करेल, अडणारच नाही. आणि फार वेळ गप्प राहिलं कुणी तर फक्त "बोलत राहा" म्हण. "असं का केलंस" हे मध्येच विचारलंस तर ते तुझ्यासाठी कारण रचायला लागतात आणि विचाराची गाडीच बदलते, एरिकसन आणि सायमन या संशोधकांनी 1980 मध्येच हा फरक मांडलाय. का ते शेवटी विचार, कागद समोर ठेवून.

तुझं काम वाईट नाहीये. ती मुलगी "नाही, थांबा" म्हणाली ना, ते तू आहे तसं उतरवलंस, गाळलं नाहीस, मी तुझ्या वयाची असताना गाळलं असतं.

त्या 9 सेकंदांचा व्हिडिओ असेल तर परत बघ. तिचं पेन कुठे होतं, कशावर टेकलेलं होतं, काही खोडलं का. तेवढंच मला लिहून पाठव, बाकीच्या सहा मुलाखती नंतर बघू.