आपल्या भागाच्या नियोजनात साध्या रहिवाशाला खरंच काही बोलता येतं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यात नव्याने राहायला आलात, गल्लीला धड फूटपाथ नाही, पावसात कोपऱ्यावर तळं साचतं. तर नगरसेवकाकडे खेटे घालण्यापलीकडे आपल्या हातात काही असतं का? असतं. मी शाळेत शिकवते, या विषयातली तज्ज्ञ नाही. पण गेली काही वर्षं आमच्या गल्लीतले आम्ही सहा-सात जण हेच काम करतोय, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी वेळेचं गणित समजून घ्या. तक्रार बारा महिने करता येते, पण पैसा कुठे जाणार ते वर्षातून एकदाच ठरतं. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत आहे. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, 1989 सालची. आपल्याकडे तिचं रूप साधं आहे. प्रभागात हवं असलेलं छोटं काम ठरलेल्या अर्जावर लिहायचं आणि महापालिकेच्या आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं. तिथले अभियंते ते करण्यासारखं आहे का आणि खर्च किती येईल ते बघतात, मग यादी त्या भागातल्या नगरसेवकांच्या प्रभाग समितीपुढे जाते आणि तिथून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात. एका कामाला साधारण 5 लाखांची मर्यादा असते. त्यामुळे उड्डाणपूल मागता येत नाही. फूटपाथचा तुकडा, बसथांब्याची शेड, दिवे, बाक, पावसाळी गटाराची जाळी असलं मागता येतं. अर्ज बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात. पेपरात कोपऱ्यात छोटी बातमी येते, ती चुकली की वर्ष गेलं. शहराच्या लोकसंख्येच्या मानाने अर्ज फार थोडे येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अर्ज कसा लिहायचा हे आम्ही चुका करत शिकलो. पहिल्या वर्षी लिहिलं, ‘आमच्या भागातील रस्त्याची सुधारणा व्हावी.’ असल्या अर्जाचं कोणी काय करणार? दुसऱ्या वर्षी टेप घेऊन उतरलो. अमुक सोसायटीच्या गेटपासून तमुक नंबरच्या विजेच्या खांबापर्यंत इतके मीटर, रुंदी इतकी, मध्ये दोन झाडं आणि एक डीपी (विजेची पेटी), असं मोजून लिहिलं, सोबत फोटो लावले. फूटपाथवर चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेचं मानक आहे. ही दोन मापं अर्जात असली की बोलणं ‘आम्हाला वाटतं’वरून ‘नियम असा आहे’वर येतं.

माणसंही मोजली. एका मंगळवारी सकाळी 8 ते 9 आम्ही तिघी कोपऱ्यावर वही घेऊन उभ्या राहिलो. चालणारी बाई, पुरुष, शाळेचं मूल, म्हातारं माणूस, दुचाकी, चारचाकी अशा रेघा ओढत गेलो. मी त्या गल्लीत तेव्हा चौदा वर्षं राहत होते, आणि त्या तासात मला पहिल्यांदा दिसलं की आमच्या रस्त्यावर सकाळी सगळ्यात जास्त चालतात त्या मागच्या वस्तीतून घरकामाला येणाऱ्या बायका. आमच्या एकाही बैठकीत त्यांच्यातली एकही नव्हती. असणार कशी? बैठक रविवारी 11 वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तेव्हा त्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असतात.

इथून पुढचं मी जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

आमच्या पहिल्या नकाशात त्या कोपऱ्यावर फूटपाथच्या कडेने लोखंडी रेलिंग होतं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, मोठ्याने कोणी म्हणत नव्हतं: तिथे बसणाऱ्या चार भाजीवाल्या उठाव्यात म्हणून. त्याच्या बाजूने मीही हात वर केला होता. नंतर बैठक आम्ही गणपती मंडळाच्या शेडमध्ये, रात्री साडेआठला घ्यायला लागलो आणि वस्तीतल्या बायका, रिक्षावाले, भाजीवाल्या येऊ लागल्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “बाई, फूटपाथ करा की. पन पानी आधी बघा. ते वरच्या गल्लीतनं येतं, ह्या खांबापाशी वळतं आन् माझ्या पाट्यांखालनं जातं. तुमी वटा बांधला तर ते समोरच्या दवाखान्यात शिरंल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जागेवर नेलं. पावसाचे दिवस नव्हते, पण डांबरावर गाळाची फिकट रेघ होती, ती त्यांनी पायाच्या अंगठ्याने दाखवत दाखवत आणली. तिथे रोज आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाला जे माहीत होतं ते आमच्या नकाशात नव्हतं, अभियंत्याच्याही नव्हतं. ते साहेब आले, लेव्हल बघितली, आणि पावसाळी गटाराच्या जाळीची जागा खांबाच्या अलीकडे घेतली. रेलिंग आम्ही स्वतःहून खोडलं.

इमारतवाल्यांच्या गटात रस्त्यावरची माणसं नसणं, हे मुंबईत मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये 1996 च्या सुमारास रहिवाशांनी कचरा वेगळा करायला, गल्ली नीट ठेवायला सुरुवात केली, आणि महापालिकेने ते बघून शहरभर एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) नावाने गल्लीपातळीवरचे गट उभे केले. त्यातून खूप चांगली कामं झाली. पण बऱ्याच ठिकाणी हे गट इमारतीत राहणाऱ्यांचेच राहिले, आणि ‘परिसर सुधारणा’ म्हणजे फेरीवाले हटवणं असा अर्थ होत गेला. तुम्ही गट करणार असाल तर पहिल्याच दिवशी ठरवा की रस्त्यावर पोट असणारी माणसं त्यात असतील. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार शहर फेरीवाला समितीत निदान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. कायदा जे शहरासाठी सांगतो ते गल्लीत करायला कोणाची परवानगी लागत नाही. कचरावेचक ताईंनाही विचारा. पुण्यात 2008 पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. कुठल्या कोपऱ्यावर रात्री कोण पिशव्या टाकतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

मग दुकानदारांचा प्रश्न आला. ‘फूटपाथ रुंद झाला तर गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार?’ ही भीती खोटी नाही, तिला उडवून लावू नका. औंधमध्ये 2016 साली कायमचं बांधकाम करण्याआधी रस्त्याची नवी मांडणी तात्पुरती करून बघितली होती. त्यावरून आम्हाला सुचलं. शाळेच्या मैदानावर आखायला फक्की असते, तिची अर्धी गोणी मी विकत आणली. एका रविवारी सकाळी वाहतूक नसताना आम्ही रस्त्यावर फूटपाथची कड आखली, भाजीवाल्यांचे चार चौकोन आखले, दुचाकीच्या जागा आखल्या. किराणा दुकानदार काका स्वतः आपली स्कूटर त्या जागेत लावून बघत होते. तेवढ्यात शेजारच्या इमारतीतले आजोबा वॉकर घेऊन आले आणि आखलेल्या ‘फूटपाथवरून’ टोकापर्यंत चालत गेले. डीपीपाशी वॉकर अडला. तिथे जागा 1.8 मीटर नव्हतीच, आम्ही मोजताना डीपीचं उघडणारं दार धरलं नव्हतं. कागदावर ही चूक शेवटपर्यंत दिसली नसती.

काम मंजूर झालं म्हणजे झालं असं समजू नका. पैसा त्या आर्थिक वर्षाचा असतो, 31 मार्चपर्यंत खर्च झाला नाही की लॅप्स होतो. म्हणून एप्रिलपासूनच विचारत राहा: एस्टिमेट झालं का, टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर कधीची. विचारणारा एकच माणूस असू दे, आणि तो गोड बोलणारा असू दे. उत्तर मिळालंच नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. शिवाय फाइल प्रत्यक्ष बघायला मागता येते, ते जास्त उपयोगाचं. फाइलमध्ये नकाशा असतो, शेरे असतात, काम कुठे अडलंय ते दहा मिनिटांत कळतं.

काम सुरू झालं की तिथे उभे राहा. आमच्याकडे जाळी बसवली ती ठरल्या जागेपासून दोनेक फूट वर. मुकादम म्हणाला, काही फरक पडत नाही. मावशींनी काही न बोलता समोरून बादलीभर पाणी आणलं आणि रस्त्यावर ओतलं. पाणी जाळीच्या बाजूने सरळ निघून गेलं. मुकादमाने ते पाहिलं आणि काँक्रीट ओलं असतानाच जाळी काढून खाली घेतली.

आता मोठ्या नियोजनाबद्दल थोडं. गल्लीचा फूटपाथ वेगळा आणि शहराचा विकास आराखडा वेगळा. आराखडा 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने होतो. त्यात कुठल्या जागेवर शाळा, कुठे दवाखाना, कुठे बाग, कुठला रस्ता किती रुंद हे पुढच्या वीस वर्षांसाठी ठरतं. प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रसिद्ध झालं की हरकती-सूचना मागवतात, मुदत थोडीच असते. 2013 साली पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 80 हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. पुढे 2015 मध्ये राज्य शासनाने तो आपल्या हाती घेतला आणि 2017 च्या जानेवारीत मंजूर केला. एवढं होऊनही मी म्हणेन, हरकत द्याच. पण छापील मजकुरावर हजार सह्या करण्यापेक्षा आपल्या भागातल्या एका आरक्षणाबद्दल (आराखड्यात राखून ठेवलेल्या जागेबद्दल) सर्व्हे नंबरसह स्वतःचं पत्र लिहा आणि सुनावणीला बोलावलं तर जा. तुमच्या भागात कुठली जागा कशासाठी राखीव आहे हे आजच बघून ठेवा. आराखड्याचा नकाशा बघता येतो, आणि खेळाचं मैदान म्हणून राखीव असलेली जागा पार्किंग म्हणून वापरली जातेय असं काहीतरी त्यात सापडण्याची बरीच शक्यता आहे.

74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या, आणि महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आहे: मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची सभा, जशी गावात ग्रामसभा. नगरसेवकांना भेटाल तेव्हा रस्त्याच्या आधी ही सभा मागा. आम्ही लेखी मागतोय, अजून एकदाही भरलेली नाही, पण मागणं सोडलेलं नाही.

आमचा कोपरा गेल्या दोन पावसाळ्यांत तुंबला नाही. मावशी तिथेच बसतात, फूटपाथच्या आत आखलेल्या चौकोनात. वस्तीतल्या बायकांनी मंडळाच्या शेडमधल्या पहिल्याच बैठकीत सांगितलेला सार्वजनिक संडासामागच्या अंधाऱ्या बोळातला दिवा मात्र अजून झालेला नाही. जागा कोणत्या खात्याची यावर तो अडलाय. यंदाच्या अर्जात आम्ही तो सगळ्यात वर लिहिलाय, खांबाच्या नंबरासकट.