टेक्सासमध्ये रान घेतलं आणि कराची नोटीस आली, आता दाद कशी मागायची?

तुम्ही लिहिलंय की गेल्या उन्हाळ्यात टेक्सासच्या हिल कंट्रीत ४० एकर रान आणि त्यातलं जुनं घर घेतलं. आधीचा मालक जमिनीवर नावापुरता कर भरायचा, आणि यंदा मे महिन्यात आलेल्या नोटिशीत मात्र तीच जमीन पूर्ण बाजारभावाने धरली आहे. ही चूक आहे का आणि प्रोटेस्ट (धरलेल्या किमतीवर हरकत) कसा करायचा, हा तुमचा प्रश्न. आम्ही अकरा वर्षांपूर्वी अशाच भागात जमीन घेतली. तीन वेळा प्रोटेस्ट केला, त्यातला पहिला पूर्ण वाया गेला. म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या बाबतीत किमतीचा वाद नंतर बघा. आधी एकच गोष्ट तपासा: ॲग (ॲग्रिकल्चरल, म्हणजे शेतीच्या) व्हॅल्युएशनसाठी तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज केला होता का? सगळे त्याला 'ॲग एक्झम्प्शन' म्हणतात, पण ती माफी नव्हे. जमिनीची किंमत विक्रीच्या भावाने न धरता तिच्यातून शेती-चराईचं किती उत्पन्न निघतं त्यावर धरायची, अशी ती पद्धत आहे. मालक बदलला की नव्या मालकाला नवा अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाचा अर्ज तुमच्या कामाला येत नाही, आणि जमीन विकणारे हे बहुतेकदा सांगत नाहीत. मागच्या ७ वर्षांपैकी ५ वर्षं शेतीचा वापर असावा लागतो, पण हा इतिहास जमिनीचा असतो, मालकाचा नाही. त्यामुळे तो तुमच्याकडे आपोआप आलेला आहे.

अर्जाची मुदत ३० एप्रिलला संपते. तरी धीर सोडू नका. रिव्ह्यू बोर्ड (हरकती ऐकणारं स्थानिक मंडळ) त्या वर्षीचा रेकॉर्ड, म्हणजे मालमत्तांच्या किमतींची नोंद, मंजूर करेपर्यंत (साधारण जुलैच्या मध्यापर्यंत) उशिराचा अर्ज घेतात आणि वाचलेल्या कराच्या १० टक्के दंड लावतात. हिशेब करून बघा. समजा एकराला १०,००० डॉलर बाजारभाव आहे, तर ४० एकरांचे ४ लाख होतात. सगळ्या करांचा मिळून दर शंभर डॉलरला १.७० असेल, तर कर ६,८०० डॉलर. तीच जमीन ॲगमध्ये एकरी १०० डॉलरने धरली तर कर ६८ डॉलर. दंड सुमारे ६७३ डॉलर भरावा लागला, तरी तो आनंदाने भरावा असाच आहे.

अर्जासोबत पुरावा जोडा. आम्ही शेजारच्या रँचवाल्याला रान चराईला दिलंय. त्याचा लेखी करार, कुंपणाच्या दुरुस्तीच्या पावत्या, आणि टँकवर (इथे गुरांच्या तळ्याला टँकच म्हणतात) पाणी पिणाऱ्या गाईंचे तारखेसकट फोटो, एवढं आम्ही दिलं. किती एकरांमागे किती गुरं हवीत याचे निकष प्रत्येक काउंटीचे वेगळे आहेत. ते अप्रेझल ऑफिसकडून (मालमत्तांची किंमत तेच ठरवतं) लेखी मागून घ्या, शेजाऱ्याच्या सांगण्यावर राहू नका. गुरं नको असतील तर वन्यजीव व्यवस्थापनाचा मार्ग आहे, पण त्यासाठी जमीन आधीच्या वर्षी ॲगमध्ये असावी लागते. म्हणून हे वर्ष सोडू नका.

आता प्रोटेस्ट. मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातलं जे नंतर येईल ते. फॉर्म आजच भरून ठेवा, पुरावे नंतर गोळा करता येतात. ॲग नाकारलं गेलं असेल तर तो मुद्दाही त्याच फॉर्मवर वेगळा नोंदवा. प्रोटेस्ट केल्यामुळे बोर्ड किंमत वाढवील ही भीती मनातून काढा. २०१९ च्या कायद्याने बोर्डाला नोटिशीतल्या आकड्याच्या वर जाता येत नाही.

पहिल्या वर्षी मी बोर्डासमोर दहा मिनिटं कर किती वाढला यावर बोलले. समोर तीन जण होते, गावातलेच. त्यांनी शांतपणे सांगितलं की कराचा दर काउंटी आणि शाळा ठरवतात, आमच्या हातात फक्त १ जानेवारीची किंमत आहे. ते खरंच होतं. पुढच्या वेळी मी फक्त किमतीवर बोलले.

त्या वर्षी आधी ऑफिसमधून आमच्या मालमत्तेचं कार्ड काढलं. तीन बाजूंनी उघडा पत्र्याचा गोठा त्यांनी बंदिस्त वर्कशॉप म्हणून नोंदवला होता आणि घराचं क्षेत्रफळही जास्त लिहिलं होतं. फोटो आणि मोजमाप दाखवल्यावर ऑफिसच्या अप्रेझरने (किंमत ठरवणाऱ्याने) बोर्डाच्या आधीच्या अनौपचारिक बैठकीतच किंमत उतरवली. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात, तेव्हा त्या बैठकीला तयारीनेच जा.

जमिनीच्या भावात गोम अशी आहे की टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करण्याचं बंधन नाही. मग तुलनेला आकडे आणायचे कुठून? ऑफिस सुनावणीत जे पुरावे वापरणार आहे ते लेखी मागा. सुनावणीच्या १४ दिवस आधी ते तुम्हाला मिळायला हवेत. त्यातल्या विक्री नीट बघा. १० एकरांचा नदीकाठचा तुकडा आणि तुमचं ४० एकरांचं सिडारच्या झाडांनी भरलेलं रान यांचा एकरी भाव एक असूच शकत नाही. तुकडा लहान तसा एकरी भाव जास्त. डांबरी रस्ता आहे का, की दुसऱ्याच्या रानातून वाट आहे? बोअरला पाणी आहे का? ओढ्याला पूर आला की किती एकर पाण्याखाली जातात? हे सगळं फोटोंसकट मांडा. आणि तुम्ही जमीन नोटिशीतल्या आकड्यापेक्षा स्वस्तात घेतली असेल, तर खरेदीचे कागद हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. महाग घेतली असेल तर ते दाखवायची सक्ती नाही.

ॲग मिळालं तरी जमिनीचा बाजारभाव नोटिशीवर दिसत राहील. कर त्यावर बसत नाही म्हणून लोक तिकडे बघतच नाहीत. मला हे चूक वाटतं. उद्या तुम्ही काही एकरांचा वापर बदललात, तर तेवढ्या जमिनीवर मागच्या ३ वर्षांचा रोलबॅक टॅक्स (ॲगमुळे वाचलेल्या कराची वसुली) लागतो, आणि तो याच बाजारभावावरून काढतात. वरच्या उदाहरणात सगळ्या ४० एकरांचा वापर बदलला तर २० हजारांच्या वर रक्कम होते.

घर आणि त्याखालचा एखादा एकर ॲगमध्ये येत नाही. तिथे राहत असाल तर होमस्टेडचा (राहत्या घराच्या सवलतीचा) वेगळा अर्ज करा. २०२५ पासून शाळेच्या करात १,४०,००० डॉलरची सूट आहे, आणि पुढच्या वर्षापासून त्या भागाची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही.

बोर्डाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत लवादाकडे किंवा जिल्हा न्यायालयात जाता येतं. मात्र दाद मागताय म्हणून ३१ जानेवारीची कराची तारीख पुढे जात नाही.

उद्या सकाळी ऑफिसला फोन करून एवढंच विचारा: रेकॉर्ड मंजूर झाला का, आणि ॲगचा उशिराचा अर्ज अजून घेताय का? उत्तर काय मिळालं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगते.