सहा इंची जीपी-१०० रानात नेण्याजोगे करायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्याकडे रुगर कंपनीचे, स्टेनलेस पोलादाचे, सहा इंच नळीचे, .३५७ मॅग्नम काडतुसाचे जुने जीपी-१०० रिव्हॉल्व्हर आहे. कोलोराडोच्या डोंगरांत मासेमारीला आणि पायी भटकंतीला जाताना ते अंगावर बाळगायचे आहे, आणि त्यासाठी नळी तीन इंचांवर आणावी, घोड्याचे (चाप ओढताच काडतुसावर आदळणाऱ्या भागाचे) मागचे टोक उडवावे, चाप हलका करून घ्यावा, असे तुमच्या मनात आहे. माझे उत्तर असे की नळी अवश्य कापा, पण चार इंचांच्या आसपास थांबा, घोडा आहे तसा राहू द्या, चापाला जपून हात लावा. आणि या सगळ्याच्या आधी होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर बाळगायचे म्यान, विकत घ्या.

होल्स्टर आधी का, ते सांगतो. कमरेला रिव्हॉल्व्हर लावून दोन मैल चाललेल्या बहुतेकांचा अनुभव असा की खरी अडचण नळीच्या लांबीची नसते, पाठपिशवीच्या कंबरपट्ट्याची असते. तो पट्टा नेमका तेथेच येतो जेथे मूठ असायला हवी. मासे धरण्यासाठी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली की कमरेचे होल्स्टर उरतच नाही. अलास्कातील मासेमार आणि वाटाडे म्हणूनच छातीवर तिरके बसणारे होल्स्टर वापरतात. वासिला गावच्या डायमंड डी या कारागिरांचे चामड्याचे होल्स्टर त्यासाठीच नावाजलेले आहे. छातीवर चार इंची नळी आणि तीन इंची नळी यांत शरीराला जाणवणारा फरक जवळपास नसतो. सहा इंची मात्र खाली वाकताना पोटात टोचते आणि उपसताना कोपर फार उंच न्यावे लागते. दोन महिने सहा इंची शस्त्र तसेच छातीवर वागवून पाहा. त्यानंतर किती कापायचे हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल, आणि कदाचित कापायचेच नाही असेही ठरेल.

आता नळीकडे येऊ. जीपी-१०० चे वजन सहा इंचांत सुमारे ४५ औंस (एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम), चार इंचांच्या थोड्या वरच्या नळीत सुमारे ४०, आणि कारखान्यातूनच येणाऱ्या तीन इंची नमुन्यात सुमारे ३६ औंस असते. म्हणजे पहिल्या दोन इंचांत पाच औंस वाचतात आणि पुढच्या इंचभरात आणखी चार. कागदावर हा सौदा मोहक वाटतो. परंतु नळीखालचे जे जाड पोलाद आपण काढून टाकतो तेच धक्क्याच्या वेळी तोंड खाली दाबून धरत असते, आणि .३५७ हे काडतूस आखूड नळीत फार मोठी आग आणि फार मोठा आवाज करते. या काडतुसाचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो, आणि झाडीत कानाला संरक्षण नसताना तो एकदा ऐकला की दिवसभर कानात शिट्टी वाजते. (नळीच्या तोंडाला भोके पाडून धक्का कमी करण्याची टूम कोणी सुचवली तर ती नाकारावी, धक्का थोडा कमी होतो, पण आवाज बाजूला आणि वर फेकला जातो.) वेगाचे म्हणाल तर काडतुसानुसार दर इंचामागे साधारण २५ ते ५० फूट प्रतिसेकंद इतका वेग कमी होतो. रानात वापरायच्या, १८० ग्रेनच्या (सुमारे पावणेबारा ग्रॅमच्या), सपाट तोंडाच्या कठीण शिसाच्या गोळीला चार इंच नळी पुरेशी पडते.

चार इंचांवर थांबण्याचे दुसरे कारण यंत्राचे आहे. सिलिंडर (काडतुसे भरायचा फिरता भाग) उघडून रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची कवचे, बाहेर काढायला मागे दाबायची दांडी नळीखालच्या खोबणीत बसते. ती उघडी पडेल इतकी नळी आखूड केली तर दांडीही छाटावी लागते, आणि मग १.२९ इंच लांबीची .३५७ ची पुंगळी पुरती बाहेर पडत नाही. फुगून चिकटलेली असेल तर मुळीच नाही. जीपी-१०० च्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: त्याचे सिलिंडर पुढच्या बाजूला दांडीच्या टोकाशी न अडकता, ते ज्यावर बाहेर उघडते त्या आडव्या हाताशी, म्हणजे क्रेनपाशी, चौकटीतच अडकते. स्मिथ अँड वेसनच्या पारंपरिक रिव्हॉल्व्हरांत दांडीचे टोक हाच पुढचा अडसर असतो, त्यामुळे तेथे नळी जास्त आखूड करणे म्हणजे अडसराची नवी व्यवस्था करणे. रुगरमध्ये ते दुखणे नाही. म्हणूनच असल्या कामासाठी तुमच्याजवळचे शस्त्र चांगले आहे, असे मी म्हणेन.

कापणे हे काम पाच मिनिटांचे आहे. कापल्यानंतरचे तोंड घडवणे हेच खरे काम. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाला चहूबाजूंनी सारखा निसटला पाहिजे. तोंडाची कड एका बाजूला केसभर जरी खाली असली तरी गोळी कलते. माझे पहिले कापकाम एका कारागिराने नुसत्या करवतीने आणि कानशीने उरकले होते. पंचवीस यार्डांवर जेथे आधी गोळ्यांचा मुठीएवढा समूह पडत असे तेथे ताटाएवढा पडू लागला, आणि ते दुरुस्त करायला दुसऱ्या गनस्मिथला (बंदुका घडवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) नळीच्या पोकळीत बसणाऱ्या मार्गदर्शक दांडीच्या कटरने पुन्हा तोंड कापावे लागले. तेव्हा गनस्मिथ निवडताना त्याला एकच विचारा: तोंड कशाने घडवता? कटर किंवा लेथ असे उत्तर आले तर पुढे बोला.

नळी कापली की पुढचे साइट, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, तुकड्याबरोबर जाते आणि उरलेल्या नळीवर आडवी खाच पाडून नवे बसवावे लागते. येथे अनेकांची फसगत होते. आखूड नळीत गोळी कोठे लागेल हे आधीपासून अचूक सांगता येत नाही, कारण धक्क्याने तोंड वर उचलण्याचे प्रमाणही बदललेले असते. त्यामुळे नवे साइट मुद्दाम थोडे उंच बसवून घ्या, आपल्या रानातल्या काडतुसानेच मैदानावर नेम पाहा, आणि मग कानशीने ते खाली आणा. हिशेब सोपा आहे: चूक जितके इंच, गुणिले पुढच्या आणि मागच्या साइटांमधील अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. साइटांत साडेपाच इंच अंतर असेल आणि पंचवीस यार्डांवर, म्हणजे ९०० इंचांवर, गोळी तीन इंच खाली लागत असेल, तर साइट सुमारे १८ हजारांश इंच खाली आणायचे. गोळी खाली लागते म्हणून पुढचे साइट कानसायचे, हे उलटे वाटते खरे, पण ते तसेच आहे. आणि कानसलेले परत जोडता येत नाही, म्हणून निम्मे कानसून पुन्हा नेम पाहावा. रंगाबाबत माझे मत जुन्या वळणाचे आहे. चमकते तंतू मैदानावर छान दिसतात, पण काट्याकुट्यात ते तुटतात. एक पितळी ठिपका संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातही दिसतो आणि त्याला काही होत नाही.

चापाबद्दल मला स्वतःच्या मूर्खपणाची कहाणी सांगावी लागेल. जीपी-१०० चे आतले काम समजायला सोपे आहे: बाजूचे झाकण नाही, चापाचा सगळा संच खालून एकत्र निघतो. त्यामुळे घरच्या घरी स्प्रिंग बदलण्याचा मोह होतो. घोड्याची कारखान्याची स्प्रिंग सुमारे १४ पौंडांची असते, बाजारात १२, १० आणि ९ पौंडांच्याही मिळतात. मी ९ ची घातली. उन्हाळाभर मैदानावर एकही बार फुकट गेला नाही, चाप लोण्यासारखा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो ओढून दाखवीत असे. नोव्हेंबरात पहिल्या बर्फानंतर, गारठलेल्या तेलाने आणि वेगळ्या कंपनीच्या कठीण प्रायमरने (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या टोपीने), सहापैकी दोनदा घोडा पडला आणि बार उडालाच नाही. त्या वेळी समोर रिकामा डबा होता म्हणून हसून घेतले. आता माझ्या शस्त्रात १२ ची स्प्रिंग आहे आणि वंगण अगदी पातळ, थंडीचे. चापाच्या कामाचा खरा फायदा घासणारे पृष्ठभाग गुळगुळीत करण्यात आहे, स्प्रिंग कमजोर करण्यात नाही. त्यातही घोडा आणि चाप ज्या कडेवर एकमेकांना धरतात ती कड स्वतः घासू नका. तिचा कोन बिघडला तर उचललेला घोडा धक्क्याने पडू शकतो. ते काम गनस्मिथकडेच द्यावे.

घोड्याचे मागचे टोक उडवायला मी नाही म्हणतो त्याचे कारण असे की ती युक्ती कपड्याखाली लपवून बाळगणाऱ्यांसाठी आहे. छातीवरच्या उघड्या होल्स्टरमध्ये ते टोक कशात अडकत नाही, आणि बोटे बधिर झालेली असताना अंगठ्याने घोडा उचलून एकच सावकाश नेम धरण्याची सोय मला सोडवत नाही. तुम्ही ज्या जुन्या छायाचित्राचा उल्लेख केला आहे, ज्यात चापाच्या कड्याचा पुढचा भागच कापलेला आहे, ती पद्धत कोल्ट कंपनीचे जॉन हेन्री फिट्झजेराल्ड यांची. दोन महायुद्धांमधील काळात त्यांनी कोल्टची भली मोठी रिव्हॉल्व्हरे अशीच छाटली आणि त्यांच्या टोपणनावावरून ती फिट्झ स्पेशल म्हणून प्रसिद्ध झाली. संग्राह्य म्हणून ती देखणी आहेत. झाडीत ढोपरावर घसरत उतरणाऱ्या माणसाच्या छातीवर उघडा चाप असणे ही मात्र मला भीतीदायक कल्पना वाटते.

मुठीवर खर्च करा. जीपी-१०० मध्ये मुठीच्या जागी पोलादाची केवळ एक खुंटी असते, त्यामुळे तिच्यावर कोणत्याही आकाराची मूठ बसते, आणि ही या रिव्हॉल्व्हरची मोठी देणगी आहे. खाली निमुळती, गोलसर टाच असलेली रबरी मूठ घ्या. ओल्या हातात लाकूड निसटते. सिलिंडरच्या पुढच्या कडा थोड्या गोल करून घेतल्या तर होल्स्टरमध्ये शस्त्र सहज सरकते, आणि सिलिंडरच्या घरांच्या मागच्या कडांना किंचित उतार दिला तर काडतुसे पटकन बसतात. चकाकी नको असेल तर काचेच्या मण्यांचा मारा करून पृष्ठभाग मंद करता येतो. स्टेनलेस आहे, म्हणून याहून अधिक करू नका.

काम होऊन आले की रानातील काडतुसे भरून पाच बार काढा आणि सहावे काडतूस बाहेर काढून त्याची लांबी मोजा. हलक्या शस्त्रात धक्क्याने गोळी पुंगळीतून पुढे सरकते आणि सिलिंडर फिरणे बंद पडते. चाळीस औंसांच्या शस्त्रात हे क्वचित घडते, पण गोळी पुंगळीत नीट आवळली आहे की नाही हे यातून कळते.

जनावरांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. कोलोराडोत १९७९ नंतर ग्रिझलीची, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलाची, नोंद नाही. तुम्हाला भेटेल ते काळे अस्वल, क्वचित प्युमा, आणि त्यांच्यापेक्षा जास्त संभव आहे मूस या प्रचंड हरणाचा, विशेषतः तुम्ही म्हणता तसा कुत्रा बरोबर असेल तर. अस्वलासाठीचा मिरीचा फवारा दुसऱ्या बाजूला हाताशी ठेवाच. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी अलास्कातील घटना तपासून २००८ मध्ये जे मांडले त्यात फवारा नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा लागू पडला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातात मॅग्नम रिव्हॉल्व्हरपेक्षा तो सोपा आहे, असे मी रिव्हॉल्व्हरचा शौकीन असूनही म्हणतो.

शेवटी कायदा, कारण तुम्ही जाता जाता लिहिले आहे की तुमचा धाकटा भाऊ एच-१बी वर आहे आणि तोही कधी हे शस्त्र घेऊन जाईल. तसे करू नका. ग्रीन कार्ड असलेल्या तुम्हाला शस्त्र बाळगता येते, परंतु अस्थायी व्हिसावरील व्यक्तीला संघीय कायद्यानुसार शस्त्र वा काडतूस जवळ ठेवण्यास सर्वसाधारण बंदी आहे. त्याला अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदतीतील शिकारीचा परवाना. तो अपवाद त्याला लागू होतो की नाही हे वकिलाला विचारून मगच ठरवा. तोवर काडतुसांची पेटीही त्याच्या पिशवीत नको. राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र नेता येते, पण तेथील माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतींत नाही. डेन्व्हर शहरात उघड्यावर बाळगायला बंदी आहे, तेव्हा छातीचे होल्स्टर वाटेच्या तोंडाशी पोचल्यावर चढवा. भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: तेथे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम विनापरवाना नळी आखूड करण्यालाच मनाई करते, त्यामुळे हे सारे उत्तर तेथे गैरलागू आहे.

गनस्मिथकडे पाठवताना कामाची यादी लिहूनच द्या: नळीची नेमकी लांबी, तोंडाचा प्रकार, साइटची उंची, स्प्रिंगचे पौंड. परवानाधारक गनस्मिथ काम झाल्यावर शस्त्र थेट तुमच्याकडेच परत पाठवू शकतो. आणि एकदा तीन इंची कारखान्याच्या जीपी-१०० ची किंमतही पाहा, कारण तुमचे सहा इंची विकून ते घेणे कापकामापेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता आहे. तरीही कापायचेच ठरले तर कापलेला तुकडा परत मागून घ्या. माझा टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो, आणि नळीतल्या पिळदार खाचा म्हणजे काय हे कोणी विचारले की तोच डोळ्याला लावून पाहायला देतो.