पैसे घेऊन केलेली चित्रपटाची स्तुती

प्रश्न : मी मराठवाडी बोलीतल्या रील्स इन्स्टाग्रामवर टाकते. एका निर्मात्याने प्रदर्शनाआधी आपल्या चित्रपटाची स्तुती करणारी रील मानधन देऊन मागितली आहे; मात्र पैशांचा उल्लेख नको, अशी त्यांची अट आहे. काय करावे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : काम जरूर घ्यावे, पण ही अट मान्य करू नये. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोबदला घेऊन केलेल्या मजकुरावर तसा उल्लेख ठळकपणे हवा. तो हॅशटॅगच्या गर्दीत दडवता येत नाही आणि १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत तो किमान ३ सेकंद दिसावा लागतो. मराठी रीलवर ‘जाहिरात’ हा शब्द पुरतो. न पाहिलेल्या चित्रपटाला ‘जबरदस्त’ म्हणणे तर मला सरळ फसवणूकच वाटते, कारण तिकिटाला पैसे मोजणारा प्रेक्षक तुमच्या शब्दावर विसंबून असतो.

त्याऐवजी खरोखर सांगण्याजोगे पुष्कळ आहे. चित्रीकरण आपल्या भागात झाले असल्यास ती ठिकाणे दाखवा, पात्रांच्या तोंडी ‘लई’, ‘कामून’ असे शब्द कसे आले आहेत ते ऐकवा आणि मुख्य म्हणजे परभणीत कोणत्या चित्रपटगृहात किती वाजता खेळ आहे, हे गुरुवारीच कळवा. मराठी चित्रपटाला आधीच मोजके खेळ मिळतात, आणि शुक्रवार ते रविवार प्रेक्षक आले नाहीत तर तेही कमी होतात. त्यामुळे निर्मात्याला पोकळ स्तुतीपेक्षा ही माहिती अधिक उपयोगी पडेल, हे त्यांना स्पष्ट सांगा.