जुनी इमारी ताटली फुटली आहे, किट आणून घरीच किन्त्सुगी करू का?

तुमच्या आजोबांच्या निळ्या-लाल-सोनेरी इमारी (जपानी चिनीमातीच्या) ताटलीचे तीन तुकडे झालेत आणि किन्त्सुगीचं, म्हणजे फुटलेलं भांडं जोडून सांध्यावर सोनेरी रेघ काढायचं, ऑनलाइन किट मागवायच्या विचारात आहात. थोडं थांबा.

आधी फुलांवरून हलकेच बोट फिरवा. निळा लागणार नाही, लाल आणि सोनेरी किंचित उंच लागतील. निळा कोबाल्ट झिलईच्या खाली, साधारण १३०० अंशांवर भाजलेला. लाल-सोनेरी मागाहून वर चढवून ७००-८०० अंशांवर भाजतात. त्यामुळे निळ्याला काही होत नाही, वरचं सोनं मात्र घासलं की उडतं. आणि किन्त्सुगीत घासणं सारखंच असतं. माझ्या एका वाटीवरचं अर्धं पान मी असंच पॉलिश पेपरने घालवलंय. साध्या एकरंगी वाडग्यावर चालतं ते इथे चालत नाही. जादा उरुशी (तुकडे जोडणारा झाडाचा चीक) धारदार पात्याने रेषेपुरतीच खरवडायची.

सोनं काही जोडत नाही. जोडते ती उरुशी. तिला लाख म्हणू नका. लाख किड्याची, हा झाडाचा चीक. मैद्यात कालवून तुकडे चिकटवायचे, मग एकदोन आठवडे दमट पेटीत ठेवायचे, कारण ती कोरड्या हवेत घट्टच होत नाही. खाचा मातीची पूड आणि उरुशीने भरायच्या, शेवटी लाल उरुशीचा पातळ हात आणि तो ओलसर असताना सोन्याची पूड. दोनतीन महिने सहज जातात. झाड बिब्ब्याच्या कुळातलं. हातमोजे घालूनही माझी बाही सरकली आणि मनगटावर उतली, अगदी बिब्बा उतावा तशी.

स्वस्त किटमध्ये बहुधा इपॉक्सी आणि पितळी पूड असते. शोकेसपुरतं ठीक, त्यात जेवू नका.

किमतीचं म्हणाल तर इमारी म्हणजे जुनीच असं नाही. इमारी हे जपानमधलं बंदर, भांडी घडायची जवळच्या अरिता गावात; १७व्या शतकात डच ती युरोपला नेत, पण १९व्या शतकातही ढिगाने झाली. जाणकाराला दाखवल्याशिवाय काहीच लावू नका, फेविक्विक तर नाहीच.

मला विचाराल तर सोनेरी फुलांशेजारी आणखी सोनेरी रेघ गर्दी करते. मी नुसत्या तपकिरी उरुशीवर थांबलो असतो.

तोवर तुकडे वेगवेगळे मऊ कापडात गुंडाळा. जुळतात का म्हणून रोज लावून बघू नका, कडा झिजतात.